अकरा नंबरची क्लिप

शिवलीलाची आई दुधनीत शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी सोलापुरात विचारायचं काम करते." ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही कुठल्या तरी चौकशीच्या खिडकीत बसत असेल. पण आई चुकीचं सांगत नव्हती. विजापूर रोडवरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत शिवलीलाचं काम खरोखर विचारण्याचंच होतं. ज्यांना सॉफ्टवेअर हवं आहे त्यांच्याकडे जायचं, तुमचं काम कसं चालतं, कुठं अडतं, काय पाहिजे, हे विचारायचं आणि ते इतकं नेमकं लिहून आणायचं की प्रोग्रॅम करणाऱ्याला त्या माणसाला न भेटताही काम करता यावं. ऑफिसात ह्या कागदांना 'रिक्वायरमेंट' म्हणत. चार वर्षांत तिनं तीन औषध दुकानांची, दोन शाळांची आणि एका डेअरीची रिक्वायरमेंट लिहिली होती.

जानेवारीत कंपनीला मेंढपाळांच्या एका सहकारी संघाचं काम मिळालं. मेंढ्यांची नोंद, लसीकरण, आजारी जनावराचा निरोप डॉक्टरकडे पोचवणं आणि जनावर दगावलं तर भरपाईचा अर्ज, एवढं सगळं करणारं मोबाइल अ‍ॅप हवं होतं. अनुदान पुण्याची एक संस्था देणार होती. तिची एकच अट होती: अ‍ॅपमध्ये काय असावं हे मेंढपाळांना विचारून ठरवायचं आणि त्या कागदांवर त्यांची संमती घ्यायची.

कंपनीचे मालक प्रभुलिंग सर माणूस वाईट नव्हते. चौदा जणांची घरं त्यांच्या कंपनीवर चालत होती आणि ते ओझं त्यांच्या बोलण्यात कायम असायचं. ते शिवलीलाला म्हणाले, "डेअरीचं डॉक्युमेंट आहे की आपल्याकडं. गायीच्या जागी मेंढी टाक. दोन दिवसांत होतंय."

तिनं तसं केलंही. चौसष्ट पानं इंग्रजीत तयार झाली. एकोणिसाव्या पानावर 'मेंढीचे सकाळचे व संध्याकाळचे दूध, फॅटसह' अशी ओळ तशीच राहून गेली होती. ती वाचून आधी तिला हसू आलं, मग लाज वाटली.

"सर, मी एकदा जाऊन येते. माणसं बघितल्याशिवाय हे पाठवू नये."

"जा. पण अंगठे घेऊनच ये. अठरा मार्चला मीटिंग आहे."

*

माढ्याच्या अलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात कस्तुराबाईंचा तळ पडला होता. ही कुटुंबं सांगोल्याकडची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायची, कॅनॉलच्या बाजूनं रानोमाळ फिरायची आणि पावसाळ्याला घराकडं वळायची. संघाचे सचिव शहाजीबापू यांनीच कस्तुराबाईंच्या नवऱ्याचं, गुंडा यांचं नाव सुचवलं होतं. "गुंडा साधा माणूस हाय. काय विचारायचं ते विचारा, अंगठा देईल."

शिवलीला पोचली तेव्हा गुंडा आणि मुलगा अजिनाथ मेंढरं घेऊन रानात गेले होते. तळावर कस्तुराबाई, त्यांची सून, कोकरं आणि चार-पाच आजारी मेंढ्या. कस्तुराबाई साठीच्या आतबाहेर, उंच, काटक. हातात कडब्याची पेंढी तशीच धरून त्या समोर बसल्या. शिवलीलानं प्रश्नांचा छापील फॉर्म काढला.

"एकूण मेंढ्या किती, मावशी?"

"मोठी येकशेचाळीस. कोकरं येगळी."

"प्रत्येकीचा नंबर सांगता येईल?"

"लंबर कशाला? ही बांडी, ती मोरी, ती कानतुटी. कानतुटीची लेक त्या बाभळीखाली बसलीया, ती भुरी."

"फॉर्ममध्ये बारा आकडी नंबर लागतो."

"त्यो कानातल्या बिल्ल्यावर हाय की. बिल्ला संघाला पायजे. मला मेंढरू पायजे."

शिवलीलानं पुढचा रकाना वाचला. "जनावर आजारी पडलं तर माहिती कुटुंबप्रमुख देणार. म्हणजे गुंडामामा."

कस्तुराबाई मोठ्यानं हसल्या. त्यांनी सुनेला हाक मारून हे पुन्हा सांगितलं, मग दोघी हसल्या. "त्येंनी काय द्यायची म्हाईती? दिवस उगवला की त्ये रानात. दुखणारं मेंढरू माझ्यापाशी ऱ्हातंय. डाक्टरला फोन मी लावती. औषिद मी पाजती."

फॉर्मचं पहिलं पान तिथंच निकामी झालं. शिवलीला दुसरं पान काढणार, तेवढ्यात कस्तुराबाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि मान वळवली. मागं कुठली तरी मेंढी खोकली होती.

"आयकलंस?"

"काय?"

"ह्यो खोकला वला हाय. काल कोरडा हुता. आज वला झाला. म्हंजी छातीत गेलं."

शिवलीलाला दोन्ही खोकले सारखेच वाटले. तिच्या कागदावर लिहिलं होतं: खोकला, होय किंवा नाही. एवढ्या एका चौकटीत ह्या बाईचं ज्ञान बसवायचं म्हणजे ते मारून टाकण्यासारखंच होतं. तिनं फॉर्मची घडी घातली आणि मोबाइल काढला.

"मावशी, तुमचं बोलणं, ही मेंढरं, हा खोकला, सगळं रेकॉर्ड केलं तर चालेल?"

"कुटं दावनार?"

"आमच्या ऑफिसात आणि संघाच्या मीटिंगमध्ये. पण मीटिंगमध्ये आधी तुम्हाला दाखवल्याशिवाय नाही."

"आन् त्यात तू काय मिसळनार, काय काढनार?"

"काही नाही. तुम्ही म्हणाल तेवढंच काढीन."

कस्तुराबाईंनी हातातली पेंढी बाजूला ठेवली. "मग घे."

दुपारपर्यंत शिवलीलानं इतकं टिपलं की मोबाइल तापला. उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही म्हणून कस्तुराबाई पदर डोक्यावरून पुढं ओढून त्याच्या अंधारात फोन कशा बघतात, ते घेतलं. भेगाळलेल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देत नाही आणि मग त्या बोटाचं मागचं पेर वापरतात, ते घेतलं. रेंज फक्त कॅनॉलच्या भरावावर येते, तिथपर्यंत सून चालत जाते, तेही घेतलं. ओला खोकला आणि कोरडा खोकला वेगवेगळे टिपले.

अकराव्या क्लिपमध्ये कस्तुराबाई उभ्यानं बोलल्या होत्या.

"मागल्या साली आंत्रविषारानं माझी अकरा मेंढरं गेली. त्यातल्या चौघींच्या कानांत बिल्लं न्हवतं. बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटत्यात, बिल्लं पडत्यात. आमी कुटं हुडकायचं? डाक्टरला फोन लावला, चार दिस कोन आलं न्हाय. मेल्यावर मी संघात गेलो. चौघींचं फाटकं कान मिठात घालून घिऊन गेलो. बघा म्हनलं, ह्यो कान, हितं बिल्ला हुता. तितल्या मानसानं नाकाला रुमाल लावला. म्हनला, बिल्ला न्हाय तर मेंढरू न्हाय. शहाजीबापू, तुमी तितंच खुर्चीवर हुता की. तुमी वर बघितलं बी न्हाय. माझी चार मेंढरं मेलीत. तुमच्या वहीत ती जलमलीच न्हाईत."

शिवलीलानं क्लिपखाली वहीत एक ओळ लिहिली: बिल्ला नसला तरी फोटोवरून जनावर ओळखलं गेलं पाहिजे, आजाराचा निरोप कधी दिला ती तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जावी आणि ती कुणालाही पुसता येऊ नये.

ऊन कलल्यावर मेंढरं परतली. गुंडा आले, पाणी प्याले, बाजूला बसले. निघायच्या आधी शिवलीलानं संकोचतच पिशवीतून चौसष्ट पानांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड काढलं.

गुंडांनी अंगठा पुढं केला. कस्तुराबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हुबी ऱ्हावा. पोरी, वाचून दाव आदी. काय लिवलंय?"

शिवलीला इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागली. तिसऱ्याच पानावर अडखळली.

"वाच की."

"वापरकर्ते अशिक्षित असल्यानं त्यांना गरजा सांगता येत नाहीत. म्हणून गरजा संघाच्या कार्यालयानं ठरवल्या आहेत."

गुंडांनी अंगठा मागं घेतला. कस्तुराबाईंनी शाईच्या पॅडचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं.

"सकाळपास्नं मी काय केलं गं तुझ्यापाशी? गानं म्हनलं? ह्यातलं येक बी मी सांगितल्यालं न्हाय. ह्याच्यावर आमचा अंगठा मिळायचा न्हाय. मी बोलल्यालं घिऊन ये, मग सही करती. अंगठा न्हाय, सही. मला येती."

*

"एक बाई नाही म्हणाली म्हणून तू रिकाम्या हातानं आलीस?" प्रभुलिंग सरांनी पेन टेबलावर टाकलं.

"तिचं बरोबर आहे सर. ते डॉक्युमेंट डेअरीचं आहे. आणि तिसऱ्या पानावरचं वाक्य मी लिहिलंय, त्याची मला लाज वाटते."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"प्रत्येक गरजेला एक क्लिप. माणूस स्वतः बोलतोय, काम करून दाखवतोय. खाली मराठीत एक ओळ. बाजूला स्क्रीनचं चित्र. वाचता येत नसलं तरी बघून, ऐकून सांगता येईल, हे माझं आहे की नाही."

सर खुर्चीत मागं रेलले. व्हिडिओ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याच्या पाहुण्यांपुढचा मोठा पडदा आला असावा. "दिसायला चांगलं दिसेल. कर."

स्क्रीनची चित्रं मल्लेश काढणार होता. मल्लेश प्रोग्रॅमर. कानांत हेडफोन घालून दिवसभर गप्प बसणारा. शिवलीलानं त्याला काही समजावलं नाही, फक्त क्लिपा दिल्या. तासाभरानं तो तिच्या टेबलापाशी आला. हातात त्याचंच आधी काढलेलं चित्र होतं, बारा लहान बटणांचं.

"ती बाई बोटाच्या पेरानं दाबतीय," तो म्हणाला. "उन्हात. हे बटण तिला सापडणार तरी कसं?" त्यानं चित्र फाडलं आणि नवीन कागद घेतला. त्या दिवसापासून त्याच्या स्क्रीनवर तीनच गोष्टी राहिल्या: मेंढीचा फोटो, बोलायचं बटण आणि डॉक्टरला पाठवायचं बटण.

तीन आठवड्यांत अजून पाच तळांवरून क्लिपा आल्या. एकूण एकोणचाळीस झाल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शिवलीला लॅपटॉप आणि कागदी स्क्रीन घेऊन पुन्हा कस्तुराबाईंकडं गेली. त्यांनी स्वतःच्या सगळ्या क्लिपा एका जागी बसून बघितल्या. दोन ठिकाणी चूक काढली. एका ठिकाणी म्हणाल्या, "ही माझ्या सुनंची गोष्ट हाय, माझी न्हाय. ती न्हाय म्हनती. काढ." शिवलीलानं त्यांच्यादेखत ती पुसली. अडतीस राहिल्या.

अकरावी क्लिप त्यांनी दोनदा लावायला सांगितली.

"शहाजीबापूंचं नाव आहे ह्यात," शिवलीला म्हणाली. "ठेवायचं?"

"त्येंच्यासमूर सांगितलं तवा आयकलं न्हाय. आता पडद्यावरनं आयकू द्यात." मग म्हणाल्या, "तुला काय तरास हुईल का?"

"होईल थोडा."

"मग तू ठरव."

"ठरवलंय."

*

मीटिंग सोलापुरातल्या एका हॉलमध्ये होती. संघाचे संचालक पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी पुण्याच्या संस्थेच्या बाई. मागं चाळीसेक मेंढपाळ, त्यात दहा-बारा बायका. एवढ्या बायका येतील असं संघाला वाटलं नव्हतं. खुर्च्या कमी पडल्या. कस्तुराबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, नव्या लुगड्यात, अजिनाथ शेजारी.

आदल्या दिवशी दुपारी प्रभुलिंग सरांनी फाइल मागून घेतली होती. "फायनल मी करतो," म्हणाले होते. शिवलीलाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिल्या दहा क्लिपा झाल्या. लोक खूश होते. कुणी स्वतःची मेंढी ओळखत होतं, कुणी खोकला ऐकून आजार सांगत होतं. पुण्याच्या बाई भराभर लिहून घेत होत्या.

अकरावी क्लिप लागली. कस्तुराबाई पडद्यावर उभ्या राहिल्या. "मागल्या साली आंत्रविषारानं माझी अकरा मेंढरं गेली. त्यातल्या चौघींच्या कानांत बिल्लं न्हवतं. बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटत्यात, बिल्लं पडत्यात." आणि पडदा काळा झाला. खाली ओळ आली: बिल्ला हरवल्यास वापरकर्त्याने तीन दिवसांत कार्यालयात लेखी अर्ज करावा.

ही ओळ शिवलीलानं लिहिलेली नव्हती. तिनं सरांकडं बघितलं. सर पडद्याकडंच बघत होते.

बारावी क्लिप सुरू होणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबवा."

कस्तुराबाई उभ्या होत्या.

"म्होरलं कुटं गेलं?"

"मावशी, वेळ कमी आहे," प्रभुलिंग सर हसून म्हणाले. "मुख्य मुद्दा घेतलाय आपण."

"येळ तुमचा न्हाय गेला, माझा गेला. आन् मुद्दा म्होरंच हुता. मी बोलल्यालं अर्ध कुनी तोडलं?"

शहाजीबापू खुर्चीतूनच वळले. "कस्तुराबाई, बसा खाली. पावन्यांसमूर घरातली धुनी काढू नगा. काय आसंल ते संघात या, बोलू."

"संघात आलो हुतो की. कान घिऊन."

मग कस्तुराबाई शिवलीलाकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तू काय म्हनली हुतीस पोरी? मला दावल्याबिगर काय काढनार न्हाय."

शिवलीलाच्या पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये त्या दिवशीची मूळ क्लिप तशीच्या तशी होती. ती उठून टेबलाशी गेली. लॅपटॉपची वायर काढून मोबाइलला जोडू लागली. सर शेजारी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "शिवलीला, हे लावलंस तर उद्यापासून येऊ नको."

तिनं वायर आत दाबून बसवली.

"सर, मी ह्यांना शब्द दिलाय."

"आणि चौदा जणांच्या पगाराचं काय?"

"ते तुम्ही क्लिप कापताना आठवायचं होतं."

तिनं क्लिप लावली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मिठातले कान आले. नाकाला लावलेला रुमाल आला. 'शहाजीबापू, तुमी तितंच खुर्चीवर हुता की' हे वाक्य भिंतीवर लावलेल्या दोन्ही स्पीकरमधून हॉलभर घुमलं. शहाजीबापू ताडकन उठले. "बंद करा ते! सभा संपली!"

संचालक उठले. मेंढपाळ मात्र उठले नाहीत. एकही जण नाही. क्लिप संपेपर्यंत चाळीस माणसं पडद्याकडं बघत जागची हलली नाहीत. संपल्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "परत लावा." शिवलीलानं परत लावली.

त्यानंतर पुण्याच्या बाई एकच वाक्य बोलल्या. त्यांच्या संस्थेची मंजुरी न कापलेल्या रेकॉर्डिंगलाच मिळेल. सह्यांचे कागद कस्तुराबाईंच्या समोर आले तेव्हा त्यांनी ते परत सरकवले.

"ही वळ बदला आदी. तीन दिसांत लेखी अर्ज म्हनं. मग सही."

त्या दिवशी कुणीच सही केली नाही.

*

हॉलच्या पायऱ्यांवर बसून शिवलीलानं अजिनाथच्या मोबाइलमध्ये कस्तुराबाईंच्या सगळ्या क्लिपा भरून दिल्या. ज्यांच्या ज्यांच्या क्लिपा होत्या, त्यांना त्यांच्या दिल्या. "ह्या तुमच्या आहेत. ऑफिसातून पुसल्या गेल्या तरी तुमच्याकडं राहतील." मग ती खोलीवर गेली, कपडे भरले आणि दुसऱ्या दिवशी दुधनीला गेली.

आईनं विचारलं, "याकव्वा, का गं एवढ्यात आलीस?" शिवलीलानं नोकरी गेली असं सांगितलं. आई म्हणाली, "चोरी केलीस का?" "नाही." "मग जेव आधी."

चौथ्या दिवशी तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून एक व्हिडिओ आला. मंगळवेढ्याकडचा एक माणूस, हातात फाटक्या कानाची मेंढी धरून बोलत होता: "मला बी सांगायचंय." अजिनाथनं अकरावी क्लिप पुढं पाठवली होती, ती कुठं कुठं फिरत गेली होती आणि खाली त्यानं शिवलीलाचा नंबर टाकला होता. आठवड्यात चौसष्ट व्हिडिओ आले. बिल्ला हातात धरलेले, बिल्ला नसलेले. कुणी डॉक्टरला लावलेल्या फोनांची यादीच स्क्रीनवर दाखवली होती, तारखांसकट. एका बाईनं तोंड न दाखवता फक्त आवाज पाठवला होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी लोक सांगत होते. शिवलीलानं आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवला आणि एकेक व्हिडिओ लावून, पाठवणाऱ्याची परवानगी विचारून, खाली ओळ लिहायला बसली. पगार कुणी देणार नव्हतं. तिला त्याचा राग आला नाही. राग आला तो चार वर्षं आपण फॉर्म भरत बसलो ह्याचा.

एप्रिलच्या शेवटी प्रभुलिंग सरांचा फोन आला. पुण्याच्या संस्थेनं पत्र पाठवलं होतं आणि संघाच्या सर्वसाधारण सभेत मेंढपाळांनी गोंधळ घातला होता.

"ये परत," सर म्हणाले. "झालं ते झालं."

"येते. पण सर, तीन गोष्टी. मूळ रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्याकडं राहणार. त्यांना दाखवल्याशिवाय एक सेकंद कापायचा नाही. आणि अकरा नंबरची ओळ मी लिहिली होती तशीच जाणार, पुसता न येणाऱ्या तारखेसकट."

"हे कुठल्या कंपनीत चालतं गं?"

"कुठल्याच नाही. आपल्याकडं चालवू या. नाहीतर मी इथनं करतेच आहे, फुकट."

मग सर म्हणाले, "ती क्लिप मी कापली ते... बापूंनी काम काढून घेऊ म्हणून सांगितलं होतं."

"अंदाज होताच सर. मावशींनाही बापूंनी बसा म्हणून सांगितलं होतं. त्या उभ्याच राहिल्या."

सोमवारी ती कामावर गेली.

सगळं मनासारखं झालं असं नाही. शहाजीबापू सचिवपदावर राहिलेच. कस्तुराबाईंच्या चार मेंढ्यांची भरपाई जुन्या नियमावर बोट ठेवून नाकारली गेली ती गेलीच. त्यांनी त्यावर वेगळा अर्ज केला आहे आणि दर महिन्याला त्या संघात जाऊन विचारतात. पण पुढच्या मेंढ्यांसाठी फोटो पुरावा म्हणून धरला जाईल असा ठराव झाला आणि निरोपाची वेळ पुसता येणार नाही, हेही त्यात आलं. जूनमध्ये कस्तुराबाईंनी एकशे दोन क्लिपांच्या रिक्वायरमेंटवर सही केली. सही मोठी, तिरकी, रेघेच्या बाहेर गेलेली.

ऑगस्टमध्ये अ‍ॅपची पहिली चाचणी सांगोल्याकडं, त्यांच्या घराच्या अंगणात झाली. मल्लेश पहिल्यांदाच सोलापूरबाहेर कामासाठी आला होता. पाऊस नुकता थांबलेला. मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी तो चिखलात उकिडवा बसला आणि एक कोकरू त्याच्या शर्टाची बाही चघळू लागलं. कस्तुराबाईंनी पदराखाली फोन धरला, बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "मोरी चारा सोडून हुबी हाय. पोट फुगलंय."

फोनमधून एका बाईचा गोड, स्वच्छ आवाज आला: "अवैध नोंद. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"ही काय म्हनती?"

"अवैध," मल्लेश खाली बघत म्हणाला. "म्हणजे चुकीचं. मान्य नाही असं."

कस्तुराबाईंनी फोन शिवलीलाच्या हातात दिला. शिवलीलानं काही न विचारता दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. सून, अजिनाथ, शेजारच्या दोन बायका असे सगळे भोवती जमले. प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. फोटो उलटा येतोय. पावसात बोट चालत नाही. डॉक्टरनं निरोप बघितला की नाही ते कळायला पाहिजे.

"येकेक," कस्तुराबाई म्हणाल्या. "आदी माझं घे. ह्या बाईला काढा फोनातनं."

"कुणाला?"

"हिलाच. बोलता यीना तर गप ऱ्हा म्हनावं. तिला समजलं न्हाय तर तिनं म्हनावं, मला समजलं न्हाय. आमी अवैध न्हाय."

मल्लेशनं बाही कोकराच्या तोंडातून सोडवून घेतली आणि ओल्या वहीत ते शब्द जसेच्या तसे लिहिले.